ड्रॉइंग समोर आलं की मी गप्प होतो

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वायरमन म्हणून अकरा वर्षं काम करत आहेत. हेल्पर म्हणून लागले आणि बघून बघून शिकले. घरं, दुकानं आणि एका मध्यम आकाराच्या इमारतीची वायरिंग त्यांनी पुरी केली आहे; मोटर स्टार्टरचं कनेक्शन त्यांच्या हातात बसलेलं आहे. पण ड्रॉइंग वाचता येत नाही. साइटवर कागद उघडला की ते मागे सरकतात. डिप्लोमा करून आलेला एक तरुण सहकारी ‘इथे सहा पॉइंट, इथून पाइप वर’ असं सांगतो आणि त्यावर ते काम करतात. आता कंत्राटदाराने पुढच्या कामावर त्यांना सुपरवायझर व्हायला सांगितलं आहे. ते विचारतात: ‘माझं इंग्रजी कच्चं, गणित कच्चं, वय छत्तीस. ऑटोकॅडचा कोर्स लावू का, की सरळ नाही म्हणू? हो म्हटलं आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर उघडा पडलो तर?’

आधी कोर्सचं बोलू, कारण तिथे तुमचे पैसे आणि महिने दोन्ही जातील. ऑटोकॅडच्या कोर्समध्ये संगणकावर ड्रॉइंग काढायला शिकवतात: रेषा कशी ओढायची, लेअर कसे ठेवायचे, प्रिंट कुठल्या मापात घ्यायची. तो कोर्स पुरा केलेला मुलगा नीटनेटका लेआउट काढून देतो, पण त्यातला स्विच दार उघडल्यावर दाराआड जातोय हे त्याला दिसेलच असं नाही. तुम्हाला ते दिसेल, कारण असा स्विच नंतर हलवण्याचं काम तुमच्याच वाट्याला आलेलं असणार. पुढे ड्राफ्टिंगकडे वळावंसं वाटलं तर जरूर करा. आजच्या अडचणीवर मात्र हा उपाय नाही, आणि हे मी ठामपणे सांगते.

आता इंग्रजी. ड्रॉइंगवर वाक्यं फार कमी असतात. जे असतं ते बहुतेक आद्याक्षरं आणि आकडे. डीबी (वीज वाटणारी पेटी), एमसीबी (जास्त करंट आला की पडणारा स्विच), टीपीएन (तीन फेज आणि न्यूट्रल), आरसीसीबी (करंटची गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच) ही अक्षरं तुम्ही दिवसभर तोंडाने म्हणता. ती कागदावर कशी दिसतात एवढंच ओळखायचं आहे. वाक्यं सापडतात ती एका कडेला दिलेल्या टिपांमध्ये, आणि त्या टिपाही कामागून कामात त्याच त्या असतात: सर्व मापं मिलिमीटरमध्ये आहेत, उंची तयार फरशीपासून धरावी, ड्रॉइंगवर पट्टी ठेवून माप घेऊ नये, काही विसंगती दिसल्यास कामाआधी कळवावं. एका ड्रॉइंगच्या टिपा कुणाकडून तरी एकदा समजून घ्या आणि मराठीत वहीत उतरवा. पुढच्या ड्रॉइंगवर त्यातल्या बऱ्याच ओळखीच्या निघतील. जी ओळ नवी असेल ती मात्र जास्त लक्ष देऊन वाचायची, कारण ती खास त्या कामासाठी लिहिलेली असते.

गणिताचा बाऊ तर मुळीच करू नका. पन्नासने किंवा शंभरने गुणता आलं की झालं.

पण मला खटकलं ते दुसरंच. ‘ड्रॉइंग वाचता येत नाही’ असं तुम्ही एका दमात लिहून टाकलंत, जणू ड्रॉइंग ही एकच वस्तू आहे. इलेक्ट्रिकलच्या संचात निदान चार प्रकारचे कागद असतात आणि प्रत्येक कागद वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. लेआउट सांगतो वस्तू कुठे आहे. सिंगल लाइन डायग्राम सांगतो वीज कुठून कुठे जाते आणि वाटेत कुठलं संरक्षण आहे. शेड्यूल, म्हणजे डीबीचा किंवा केबलचा तक्ता, सांगतो किती, केवढं आणि कुठल्या नंबरचं. कंट्रोल डायग्राम सांगतो की काय दाबलं तर काय चालू होतं आणि कशामुळे बंद पडतं. नवखा माणूस गोंधळतो तो बहुधा इथेच. लेआउटवर तो केबलचा साइज शोधत बसतो, सापडत नाही, आणि मग आपल्यालाच वाचता येत नाही असं ठरवतो. मुळात ते उत्तर त्या कागदावर नसतंच. तेव्हा कागद उघडण्याआधी स्वतःला विचारायचं: मला आत्ता काय हवं आहे? मग त्याचा कागद शोधायचा.

तुम्ही शिकायचं कसं, तर कोर्सवाले शिकवतात त्याच्या उलट्या दिशेने. ते चिन्हांपासून सुरू करून भिंतीपर्यंत येतात. तुम्हाला भिंत पाठ आहे, म्हणून तिथूनच कागदाकडे या.

तुम्ही स्वतः वायरिंग केलेली एखादी खोली निवडा. मिलिमीटरचा ग्राफ पेपर घ्या आणि १:५० या प्रमाणात खोली काढा. १:५० म्हणजे प्रत्यक्षातला १ मीटर कागदावर २० मिलिमीटर. साडेतीन मीटरची भिंत ७० मिलिमीटरची होईल. दार काढताना ते कुठल्या बाजूला उघडतं तो कमानीसारखा भागही काढा. मग स्विचबोर्ड, सॉकेट, दिवे, पंखा, डीबी जिथे आहेत तिथे मांडा. चिन्हं पाहून काढा. हातात एखादं खरं ड्रॉइंग असेल तर त्याच्याच यादीतली घ्या. शेवटी कुठला दिवा कुठल्या स्विचवर आहे ते वाकड्या रेषेने जोडा आणि प्रत्येक पॉइंटजवळ सर्किटचा नंबर लिहा.

हे करताना तुम्हाला दोन गोष्टी बोचतील, आणि त्या बोचल्या पाहिजेत. एक म्हणजे, उंची कुठे दाखवायची? वरून पाहिलेल्या नकाशात ३०० मिलिमीटरवरचं सॉकेट आणि १२०० मिलिमीटरवरचा स्विच एकाच भिंतीवर एकसारखे दिसतात. म्हणून खऱ्या ड्रॉइंगवर चिन्हाशेजारी उंचीचा आकडा असतो, नाहीतर टिपांमध्ये किंवा चिन्हांच्या यादीत एकदाच दिलेला असतो. दुसरी म्हणजे, पाइप नक्की कुठून नेला ते त्या वाकड्या रेषेवरून कळत नाही. ती रेषा फक्त नातं सांगते: हा दिवा या स्विचचा. तुमच्या सहकाऱ्याने ‘इथून पाइप वर’ असं सांगितलं तेव्हा तो ते वाचत होता की ठरवत होता, हे एकदा पाहा. पाइपच्या रस्त्याचं स्वतंत्र (कंड्युट) ड्रॉइंग नसेल तर बीम, कॉलम, पाण्याचे पाइप आणि एसीचा डक्ट पाहून साइटवरच तो ठरतो. ते काम तुम्हाला त्याच्यापेक्षा बरं जमत असणार.

खोली झाली की त्याच जागेच्या डीबीचा सिंगल लाइन डायग्राम काढा. हा कागद वंशावळीसारखा वाचायचा असतो: कोण कुणाच्या पोटी आहे ते कळतं, कोण कुठे राहतं ते कळत नाही. वर येणारी सप्लाय, मग मेन, मग आरसीसीबी, त्याखाली एकेक एमसीबी आणि प्रत्येकाखाली त्याचा लोड. तिन्ही फेज आणि न्यूट्रल मिळून एकच रेषा काढतात. त्या रेषेवर तिरक्या छोट्या रेघा असतील तर तितके कंडक्टर समजायचे; कधी एकच तिरकी रेघ आणि शेजारी आकडा असतो.

एक ओळ घेऊन पाहू. समजा एका एमसीबीशेजारी लिहिलंय ‘सी१६’, खाली रेषेवर ‘३ × २.५’, आणि टोकाला ‘स्वयंपाकघर सॉकेट’. १६ हा आकडा अँपिअरचा, हे तुम्हाला ठाऊक आहे. ३ × २.५ म्हणजे २.५ चौरस मिलिमीटरचे तीन कंडक्टर: फेज, न्यूट्रल, अर्थ. हे क्षेत्रफळ आहे, तारेचा व्यास नाही. राहिला ‘सी’. त्या अक्षराकडे फार जणांचं लक्ष जात नाही. शॉर्टसर्किटसारखा मोठा करंट आल्यावर एमसीबी क्षणात कधी पडायचा ते हे अक्षर सांगतं. बी प्रकार रेटिंगच्या ३ ते ५ पटीत पडतो, सी ५ ते १० पटीत, डी १० ते २० पटीत. म्हणजे बी१६ क्षणात पडायला ४८ ते ८० अँपिअर लागतात आणि सी१६ला ८० ते १६०. ड्रॉइंगवर बी आहे, दुकानात मिळाला सी, ‘अँपिअर तेच आहेत ना’ म्हणून लावून टाकला, असं होतं. सर्किट लांब असेल तर फॉल्टच्या वेळी तेवढा करंटच तयार होत नाही आणि एमसीबी जितक्या लवकर पडायला हवा तितक्या लवकर पडत नाही. सुपरवायझर म्हणून तुमची नजर अशा अक्षरांवर हवी. हा बदल चालेल की नाही हे तुम्ही ठरवायचं नाही, डिझाइन करणाऱ्याने ठरवायचं; पण बदल झालाय हे पकडायचं तुम्ही.

केबलच्या तक्त्यात ‘साडेतीन कोअर’ दिसलं तर ते तीन पूर्ण जाडीचे कोअर आणि न्यूट्रलचा एक कमी जाडीचा. ‘२ रन’ लिहिलं असेल तर त्याच केबलचे दोन तुकडे समांतर टाकायचे आहेत. ऑर्डर देताना हा दोनचा आकडा नजरेतून सुटला की अर्धीच केबल साइटवर येते.

चिन्हांबद्दल एक सूचना. इंटरनेटवरून चिन्हांचा तक्ता काढून पाठ करत बसू नका. आयईसी ६०६१७ हे चिन्हांचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि अर्थिंगसारखी काही चिन्हं जवळपास सगळीकडे सारखीच दिसतात. पण लेआउटवरच्या चिन्हांमध्ये प्रत्येक डिझाइन ऑफिस आपापली भर घालतं. एका ठिकाणचा अर्धवर्तुळ आणि काळा भरलेला भाग म्हणजे साधं सॉकेट, दुसरीकडे तेच चिन्ह वॉटरप्रूफ सॉकेटचं. म्हणून त्या संचाबरोबर आलेली चिन्हांची यादी, म्हणजे लेजेंड, हाच त्या कामापुरता कायदा. (यादीत पन्नास चिन्हं आणि लेआउटवर त्यातली बाराच, असं दिसलं तर घाबरू नका. यादी बहुतेक वेळा मागच्या कामातून उचललेली असते. उलटं दिसलं, लेआउटवर चिन्ह आहे आणि यादीत नाही, तर मात्र विचारायचंच.)

आता कंट्रोल डायग्राम. तुम्ही म्हणता स्टार्टरचं कनेक्शन हातात बसलंय, आणि तरी हा कागद तुम्हाला सर्वांत परका वाटत असेल. त्याचं कारण साधं आहे. हातात धरलेला कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलला वीज मिळाली की मोटरची सप्लाय जोडणारा स्विच, एक वस्तू आहे: कॉइल, मेन कॉन्टॅक्ट, ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट, सगळं एका डब्यात. कागदावर तोच कॉन्टॅक्टर फोडून तीन ठिकाणी टाकलेला असतो. मेन कॉन्टॅक्ट मोटरच्या पॉवर सर्किटमध्ये, कॉइल कंट्रोलच्या पानावर खाली, ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट स्टार्ट बटणाशेजारी. त्यांना बांधून ठेवतं ते नाव. जिथे जिथे ‘के१’ लिहिलंय तिथे तो एकच कॉन्टॅक्टर. जुन्या ड्रॉइंगमध्ये कॉन्टॅक्टरला के हे अक्षर दिसतं. आयईसी ८१३४६ प्रमाणे काढलेल्या नव्या ड्रॉइंगमध्ये पॉवरचा कॉन्टॅक्टर क्यू या अक्षराखाली येतो. अक्षर कुठलंही असो, नाव तेच तर वस्तू तीच.

दुसरा नियम: सगळं बंद अवस्थेत काढलेलं असतं. सप्लाय नाही, कॉइल ओढलेली नाही, बटणावर बोट नाही. म्हणून नॉर्मली ओपन उघडा दिसतो आणि नॉर्मली क्लोज्ड मिटलेला. चालू झाल्यावर काय होईल ते तुम्ही डोक्यात चालवायचं असतं.

आणि टर्मिनलचे आकडे. हे तुम्हाला आधीच येतात, कारण ते वस्तूवरच छापलेले आहेत. ए१, ए२ म्हणजे कॉइल. १३-१४ नॉर्मली ओपन, २१-२२ नॉर्मली क्लोज्ड. शेवटचे आकडे ३-४ असले की ओपन, १-२ असले की क्लोज्ड. मोटरने जास्त करंट घेतला की पडणाऱ्या ओव्हरलोड रिलेवर ९५-९६ क्लोज्ड, ९७-९८ ओपन. आता घरी असलेला साधा डायरेक्ट ऑनलाइन (मोटर सरळ पूर्ण सप्लायवर जोडणारा) स्टार्टर समोर ठेवा आणि त्याचा कंट्रोल स्वतः काढा: फेज, ९५-९६, स्टॉप, स्टार्ट, ए१, ए२, न्यूट्रल. स्टार्टला समांतर १३-१४. मग बोट ठेवून चालवा. स्टार्ट दाबला, कॉइल ओढली, १३-१४ मिटला, बोट काढलं तरी कॉइल धरून राहिली. ओव्हरलोड झाला, ९५-९६ उघडला, कॉइल सुटली, १३-१४ही उघडला. म्हणून रिले रीसेट केला तरी मोटर आपोआप सुरू होत नाही, पुन्हा स्टार्ट दाबावा लागतो. हे तुम्ही अनुभवाने जाणता. कागदावर ते दोन रेषांच्या फरकाने दिसतं. एवढं बोटाने चालवता आलं की स्टार-डेल्टाचा, म्हणजे मोटर आधी स्टारमध्ये सुरू करून मग डेल्टावर नेणाऱ्या स्टार्टरचा, कागद त्याच रीतीने लावून पाहा. फक्त दोन कॉन्टॅक्टर आणि एक टाइमर जास्त आहे, आणि स्टार व डेल्टा एकाच वेळी ओढू नयेत म्हणून एकाच्या कॉइलच्या वाटेत दुसऱ्याचा क्लोज्ड कॉन्टॅक्ट असतो. तो शोधून काढणं हीच परीक्षा. मोठ्या पॅनेलच्या संचात एखाद्या कॉन्टॅक्टखाली ‘३.५’ असं बारीक लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ पान ३, रकाना ५. तिथे जाऊन पाहायचं.

आता खऱ्या साइटचा संच उघडा. लेआउटच्या मधोमध नजर टाकू नका, उजव्या खालच्या कोपऱ्यातून सुरुवात करा. तिथल्या चौकटीत ड्रॉइंगचं नाव, नंबर, आवृत्ती, तारीख, स्केल असतं, आणि ते निविदेसाठी आहे, मंजुरीसाठी आहे की कामासाठी, तेही असतं. निविदेच्या ड्रॉइंगवर भिंत फोडायची नसते. आवृत्ती ‘बी’ असेल तर ‘सी’ निघाली आहे का ते ऑफिसला विचारा. नव्या आवृत्तीत जिथे बदल झालाय तिथे बऱ्याचदा ढगासारखा वेटोळा काढलेला असतो. मग टिपा, मग चिन्हांची यादी. त्यानंतरच लेआउट, आणि तोही आधी फिरवून जागेशी जुळवायचा: जिना कुठे, मुख्य दार कुठे, कॉलम कुठले. कडेला ए, बी, सी आणि १, २, ३ असे गोल दिसतात त्या ग्रिडच्या रेषा. ‘सी-४ चा कॉलम’ असं बोलायची सवय लावा. फोनवर ‘त्या खिडकीजवळचा’ असं म्हणण्यापेक्षा ते शंभरपट सुरक्षित.

स्केलबद्दल एक सापळा सांगते, कारण त्यात जाणकारही अडकतात. मूळ ड्रॉइंग ए१ कागदावर असतं, ५९४ × ८४१ मिलिमीटर. साइटवर सोयीसाठी त्याची प्रिंट ए३ वर मारतात, २९७ × ४२०. लांबी-रुंदी बरोब्बर निम्मी होते, पण चौकटीत छापलेलं ‘१:५०’ तसंच राहतं. तुमच्या हातातला कागद आता खरं म्हणजे १:१०० आहे. त्यावर पट्टी ठेवून पन्नासने गुणलंत तर चार मीटरची केबल दोन मीटरची दिसेल. म्हणून लिहिलेलं माप असेल तर तेच घ्यायचं. माप नसेल आणि केबलच्या अंदाजासाठी पट्टी लावायचीच असेल तर आधी ज्याचं माप लिहिलंय अशा एखाद्या भिंतीवर पट्टी तपासून पाहा.

आणि उंची. ‘सॉकेट ३०० मिमी’ हे तयार फरशीपासून, एफएफएल म्हणतात ते. तुम्ही बॉक्स बसवता तेव्हा फरशी झालेलीच नसते. फरशी आणि तिच्याखालचा थर मिळून ७५ मिलिमीटर होणार असतील तर स्लॅबपासून ३७५ वर बॉक्स हवा. नाहीतर काम संपल्यावर ते सॉकेट २२५ वर सापडेल. सिव्हिलवाल्यांनी भिंतीवर १ मीटरची लेव्हल रेघ मारून दिली असेल तर तिथून खाली मोजा, स्लॅबपासून वर नको. आकडा बॉक्सच्या मध्याचा की खालच्या कडेचा, तेही टिपांमध्ये पाहा. नसेल तर विचारा.

‘विचारा’ हा शब्द मी पुन्हा पुन्हा लिहितेय, आणि तुमची भीती नेमकी तिथेच आहे. विचारलं की उघडे पडू असं तुम्हाला वाटतं. साइटवर मी जे पाहिलं ते वेगळं आहे. जो सुपरवायझर संच वाचून काहीच प्रश्न विचारत नाही त्याने तो वाचलेला नसतो. कारण प्रत्येक संचात विसंगती असतात. लेआउटवर सहा सॉकेट आणि तक्त्यात पाच. विजेच्या लेआउटमध्ये दिवा आहे तिथेच एसीवाल्याच्या नकाशात ग्रिल. आर्किटेक्टने दार उलट बाजूला उघडवलं आणि इलेक्ट्रिकलच्या कागदावर जुनंच दार. दोन कागद भांडत असताना मनाने एक निवडायचा नसतो. प्रश्न लेखी पाठवायचा, आणि तो असा: ‘ड्रॉइंग ई-०३, आवृत्ती बी, ग्रिड सी-४. स्विचबोर्ड दाराच्या बिजागरीच्या बाजूला दाखवला आहे. आर्किटेक्टच्या नकाशात दार तिकडेच उघडतं, त्यामुळे बोर्ड दाराआड जातो. कडीच्या बाजूला घ्यायचा का?’ नंबर, आवृत्ती, जागा, अडचण आणि तुमची सूचना. मराठीत लिहिलंत तरी चालेल अशी व्यवस्था कंत्राटदाराशी आधीच ठरवून घ्या. असा प्रश्न पाठवणाऱ्या माणसाला कुणी अडाणी म्हणत नाही.

जुन्या इमारतीत काम असेल तर आणखी एक गोष्ट, आणि इथे मी जरा कडक होते. कागदावर सर्किट ७ बंद केलं की ही खोली मेली असं दिसत असेल, तरी तारेला हात लावण्याआधी तपासा. बंद करा, कुलूप लावा, टेस्टर आधी चालू जागी खात्रीने दाखवतोय हे पाहा, मग त्या तारेवर लावा आणि नंतर पुन्हा चालू जागी पाहा. इमारतीत नंतर काय काय बदललं ते ड्रॉइंगला माहीत नसतं.

तर मग कंत्राटदाराला काय सांगायचं? सरळ नकार मला पटत नाही. अर्धवट होकारही नको, म्हणजे ‘बघतो’ म्हणून जायचं आणि पुन्हा त्या तरुणाच्या मागे उभं राहायचं. मी असते तर असं म्हटलं असतं: ‘काम उभं करून देतो. लेआउट आणि डीबीचा तक्ता मी बघेन. पॅनेलचं कंट्रोल वाचायला मला अजून वेळ लागतो, तिथे सुरुवातीला कुणीतरी सोबत द्या. आणि संपूर्ण संच काम सुरू व्हायच्या आधी माझ्या हातात द्या, सगळ्यांसमोर टेबलावर उघडायच्या आधी.’ ही शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची. उघडं पडण्याची भीती बहुतेक वेळा कागद पहिल्यांदा चारचौघांत बघावा लागण्याची असते. आदल्या संध्याकाळी घरी पाहिलेला कागद सकाळी तेवढा भिववत नाही. तुम्हाला वाचता येत नाही हे कंत्राटदाराला माहीतच असेल, असाही माझा अंदाज आहे. अकरा वर्षं तो तुमच्यासोबत वावरतोय. तरी त्याने विचारलं, याचाही थोडा विचार करा.

एका बाबतीत मात्र थांबा. सुपरवायझर म्हणजे नुसती माणसं आणि माल बघायचा, की पूर्ण झालेल्या कामाच्या कागदांवर सहीही तुमचीच, हे स्पष्ट करून घ्या. सही करायचा अधिकार परवान्यावर ठरतो, ड्रॉइंग वाचता येण्यावर नाही. परवाना नसताना सही मागत असतील तर नाही म्हणा, आणि त्यात संकोच करायचं कारण नाही. तसंच पुढचं काम मोठ्या पॅनेलचं, पंपहाउस किंवा कारखान्याचं असेल आणि लगेच सुरू होणार असेल, तर त्या एका कामावर दुसऱ्याच्या हाताखाली राहून मग स्वतंत्र काम मागणं शहाणपणाचं.

त्या तरुण सहकाऱ्याशी व्यवहार फक्त थोडा बदला. आतापर्यंत तो वाचायचा आणि तुम्ही ऐकायचात. आता तुम्ही मोठ्याने वाचा आणि त्याला चूक पकडू द्या. बदल्यात पाइप वाकवणं, स्लॅबमध्ये बॉक्स पक्के बसवणं, तार ओढताना कुठे अडेल ते आधी ओळखणं, हे त्याला दाखवा. कोर्स करून नुकतेच आलेले वाचक हे वाचत असतील तर त्यांनाही हेच सांगते, उलट्या दिशेने: तुम्हाला चिन्हं येतात, पण चिन्हामागची भिंत अजून पाहायची आहे, आणि ती दाखवणारा माणूस बहुतेक कागदापासून लांब उभा असतो.

काम सुरू झालं की संचाची एक प्रत लाल पेनासाठी वेगळी ठेवा. पाइप दुसरीकडून नेला, बोर्ड सरकवला, सर्किटचा नंबर बदलला की त्याच दिवशी तिच्यावर लाल खूण आणि तारीख. शेवटी जे ‘अ‍ॅज बिल्ट’, म्हणजे प्रत्यक्षात झालं तसं काम दाखवणारं, ड्रॉइंग द्यावं लागतं ते याच प्रतीवरून बनतं. कंत्राटदाराकडे संच मागाल तेव्हा दोन प्रती मागा, आणि जुन्या आवृत्त्यांच्या प्रती साइटवर कुणाकुणाकडे पडल्या आहेत तेही त्याच वेळी विचारून घ्या. त्या गोळा करून रद्द केल्याशिवाय भिंतीला हात लावू देऊ नका.